पाणीराख्याची दोरी

राजे प्रजेच्या विहिरीचं पाणी माणूस ठेवून चाखवून घेत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

एका डोंगराच्या पोटात राजाची कोळशाची खाण होती. खाणीत झिरपणारं पाणी रात्रंदिवस मोटांनी उपसावं लागे. त्या उपशाने पायथ्याच्या गावची विहीर आटू नये, पाणी नासू नये, म्हणून राजाने एक पाणीराखा नेमला होता. दर अमावास्येला तो गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडी, किती गाठी भिजल्या ते बघे आणि ओंजळभर पाणी चाखे. पाणी उतरलं किंवा चव बिघडली, की त्याच्या एका शब्दावर खाण बंद होई.

सारं गाव खाणीतच राबे; खाण बंद, की गावाच्या चुली बंद. आता पाण्यावर कोण रागावणार? सगळे पाणीराख्यावर रागावत. तो दिसला की बायका घागरी उचलून चालू लागत. "मेल्याची दोरीच पाणी पिते," असंही म्हणत. सणासुदीला तो खोपटात एकटाच भाकरी खाई, आणि ती त्याला गोड लागत नसे.

एका अमावास्येला दोरीच्या नेहमी भिजणाऱ्या दोन गाठी कोरड्या निघाल्या. पाणी जिभेला आंबट लागलं. तेवढ्यात गावचा पाटील जवळ येऊन म्हणाला, "बाबा, उद्या देवीची पंगत आहे. तुमचं पान मांडू ना?"

इतक्या वर्षांत त्याला कोणी जेवायला बोलावलं नव्हतं. त्याने दोरी घाईने गुंडाळली.

"पाणी ठीक आहे," तो म्हणाला.

पंगतीत त्याला आग्रह करकरून वाढलं. पोरं त्याला काका म्हणू लागली. मग पुढच्या अमावास्येलाही पाणी ठीकच होतं, आणि त्याच्या पुढच्याही.

उन्हाळा लागता लागता विहीर तळाला गेली. उरलेलं पाणी तांबडं झालं, गुरं त्याला तोंड लावीनात. आता खाण बंद करूनही उपयोग नव्हता. गावाने गाड्या जुंपल्या.

जाताना एक म्हातारी त्याच्यापाशी थांबली. "तुला चव कळली नव्हती का रे?"

"कळली होती, आजी."

"मग सांगायचंस. चार शिव्या घातल्या असत्या आम्ही. पण इथंच राहून घातल्या असत्या."

पुढच्या अमावास्येला त्याने दोरी सोडली. सगळ्या गाठी कोरड्या निघाल्या. त्याने वळून पाहिलं, पण सांगायला गावात कोणीच उरलं नव्हतं.

तात्पर्य : माणसं जोडायला सांगितलेलं खोटं शेवटी माणसंच तोडतं.