म्हादूचा वाटा

“कशी मिटते ती तोंड? करून दाखव.”

तुळशीराम लांडे नुसता बघत राहिला. साठी उलटलेला माणूस. डोक्याला पटका, हातात काठी. गावात त्याचा शब्द खाली पडत नसे. आणि हा फकीर त्याला शेंबड्या पोरासारखं तोंड मिटून दाखव म्हणत होता.

“बाबा, मी थट्टेला आलो नाही. आई मरणाच्या दारात आहे.”

“मी तरी कुठं थट्टा करतोय?”

रोशनशा फकीर गावाबाहेरच्या तकियात, फकिरांच्या ठाण्यात, चिंचेखाली बसला होता. राखेनं पितळी चिराग घासत होता. ऐंशीच्या पुढचं वय, पण हात थरथरत नव्हता. तुळशीराम त्याला गुरू मानायचा. दर गुरुवारी यायचा, पाया पडायचा. पण पाया पडतानाही त्याची मान ताठच असायची.

“जीव जात नाही, बाबा. अन्न सुटलं, डॉक्टरनं हात टेकले. मोसंबीचा रस देऊन बघितला, बासुंदी देऊन बघितली. तुळशीपानानं गंगा घातली तर ती गालावरून ओघळली. काही ओठाला लागलं की तोंड मिटते. लोक म्हणतात, म्हातारीची इच्छा राहिली असेल.”

“काही मागते?”

तुळशीरामनं पिशवीतला डबा काढला आणि पुढं सरकवला.

“हे.”

फकिरानं झाकण काढलं. आत हुलग्याच्या, कुळथाच्या पिठाचे शेंगोळे होते. करंगळीएवढे वळलेले, लसूण-मिरचीच्या दाट रश्शात शिजवलेले. गोरगरिबांच्या घरचं जेवण.

“दिवसातून एकदा तेवढाच शब्द बोलते. शेंगोळे. मग पुन्हा गप्प. बायकोनं केले. तोंडाशी नेले तर ओठ मिटून घेतले. मागायचं तिनंच आणि तोंड फिरवायचं तिनंच. तुम्ही यावर फुंकर घाला, बाबा. दुवा करा. एक घास पोटात गेला की सुटेल बिचारी.”

फकिरानं फुंकर घातली नाही. एक शेंगोळा उचलला आणि तोंडात टाकला.

“मीठ बरोबर पडलंय. हुलगा घरचा?”

“घरचा कुठला! शेजारून मागून आणला. माझ्या रानात हुलगा पेरत नाही. माझ्या उंबऱ्याच्या आत येत नाही.”

“का रे?”

तुळशीरामची छाती जरा पुढं आली. 

“मी शेंगोळे सोडलेत. लहान होतो तेव्हापासून. आजवर जिभेला लावले नाहीत.”

हे गावाला ठाऊक होतं. सोयऱ्याच्या पंगतीत कुणी चुकून वाढले तर तुळशीराम ताटावरून उठायचा, मग समोर व्याही असो की पाव्हणा. पोरं मागून हसायची, “लांडेतात्या वाघाला भीत नाहीत, शेंगोळ्याला भितात.” पण तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

“आवडत नव्हते?” फकिरानं विचारलं.

“आवडत नव्हते?” तुळशीराम हसला. पण हसू ओठावरच वाळलं. “बाबा, त्याच्याइतकं मला काहीच आवडत नव्हतं. आई शेंगोळे वळायला बसली की मी परातीपासून हलायचो नाही. कच्चेच पळवायचो. ती पिठाच्या हातानं पाठीत धपाटा घालायची. शाळेत जाईन तिथं तिची पाच बोटं माझ्या सदऱ्यावर...”

“मग?”

“मग सोडले. भावासाठी.”

फकीर चिराग घासायचा थांबला.

“सांग.”

तुळशीरामनं काठी आडवी मांडीवर घेतली. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. 

“मोठा दुष्काळ पडला त्या साली. बाप जनावरं जगवायला गंगथडीला गेला तो तिकडंच अडकला. आई खडी फोडायच्या कामावर जायची. आम्ही दोघं भाऊ. धाकटा म्हादू. त्याला हगवण लागली, वर ताप. पोर नुसतं कातडं राहिलं. घरात दाणा नव्हता. बियाण्याचं मडकं तेवढं होतं, उतरंडीच्या तळाशी. त्यात पेरायचे हुलगे.”

“हं.”

“आईनं ते मडकं काढलं. पेरायचा दाणा जात्यात घातला. रडत नव्हती. दळता दळता ओवीही म्हणत नव्हती. शेंगोळे केले. दोन थाळ्यांत वाढले. एक मला, एक म्हादूला. म्हादूला उठून बसता येईना. आईनं त्याच्याकडं बघितलं. बघतच राहिली... मग त्याची थाळी उचलली आणि माझ्या थाळीत पालथी केली.”

चिंचेवर कावळा ओरडला. फकिरानं मान वर केली नाही.

“म्हणाली, त्याचंही तूच खा.”

“तू खाल्लंस.”

“खाल्लं. थाळी चाटली. म्हादू बघत होता, बाबा. डोळे उघडे होते त्याचे. उजाडलं तेव्हाही उघडेच होते. पण...”



“पाऊस झाल्यावर कुणीतरी पसाभर हुलगा दिला. आईनं मोठ्या हौसेनं शेंगोळे केले. पोराच्या आवडीचं म्हणून. माझ्यापुढं थाळी ठेवली. मी ती सरकवली. म्हटलं, आधी म्हादूला वाढ.”

“काय म्हणाली?”

“काही नाही. थाळी उचलली, मागच्या दारी गेली. पुन्हा घरात शेंगोळे झाले नाहीत.” तुळशीरामनं मान ताठ केली. “तिनं निवडलं, बाबा. एकाला जगवलं, एकाला सोडलं. मी पोर होतो, पण मला कळलं. म्हादूचा घास मी खाल्ला म्हणून तो घास मी जन्मभर सोडला. आजवर हे व्रत मोडलं नाही.”

फकिरानं डब्यातला दुसरा शेंगोळा उचलला. रस्सा निथळू दिला. मग हात लांब करून तो तुळशीरामच्या तोंडापाशी धरला.

“खा.”

तुळशीरामनं ओठ घट्ट मिटले. मान आपोआप बाजूला वळली.

फकीर हात तसाच धरून राहिला.

“अशी मिटते का ती तोंड?”

तुळशीरामला वाटलं, कुणीतरी कानशिलात मारली. तो उठायला गेला. 

“बाबा, माझ्या व्रताची...”

“व्रत कुठलं, तुळशा?” या नावानं त्याला आता गावात कुणी हाक मारत नव्हतं. “व्रत देवाला घालतात. तू ते तिच्या गळ्यात घातलंस. रोज दोन वेळा ती तुला जेवायला वाढत होती ना? रोज दोन वेळा तू न बोलता तिला सांगत होतास, म्हादूला तू सोडलंस. एक पोर दुष्काळानं नेलं. दुसरं समोर बसून जेवत होतं, पण तिच्या हाती लागत नव्हतं.”

“मग तिनं काय करायला हवं होतं? दोघांना अर्धं अर्धं द्यायचं होतं!”

“दिलं असतं तर?”

“तर...”

तुळशीराम बोटांवर मोजायला गेला आणि मधेच थांबला. एवढ्या वर्षांत हा हिशेब त्यानं कधी शेवटपर्यंत नेला नव्हता.

फकिरानं हातातला शेंगोळा डब्यात टाकला. झाकण लावलं.

“ती शेंगोळे मागते ते स्वतःसाठी, असं तुला कुणी सांगितलं? घरी जा. तिच्यासमोर बस. दोन थाळ्या वाढायला सांग.”

“दोन कुणाला?”

“एक तुला. दुसरीचं काय करायचं ते तिला ठाऊक आहे.”

तुळशीराम घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. आई, सारजाबाई, माजघरात वाकळीवर पडली होती. हाडांवर लुगडं टाकावं तशी. डोळे आढ्याला लागलेले.

“कांता, शेंगोळे गरम कर. दोन थाळ्या वाढ.”

बायको चुलीपाशी होती. तिनं वळून बघितलं.

“दोन? अहो, माझ्या माहेरी पहिल्या दिवाळसणाला शेंगोळे वाढले म्हणून भरल्या ताटावरून उठलात. माझा बाप पाया पडत होता तुमच्या. आणि आज दोन थाळ्या?”

“वाढ.”

“खाणार कोण?”

“वाढ म्हणतो ना!”

कांतानं थाळ्या आणल्या. त्यानं त्या म्हातारीच्या उशाशी मांडल्या. एक आपल्यापुढं, एक शेजारी रिकाम्या पाटापुढं. लसणाचा वास माजघरात पसरला. म्हातारीचे डोळे आढ्यावरून हलले. हळूहळू खाली आले. थाळीवर आले. मग पोरावर.

तुळशीरामनं एक शेंगोळा उचलला. हात तोंडापर्यंत गेला आणि अडला. म्हातारी बघत होती. असेच दोन डोळे त्यानं एकदा बघितले होते.

त्यानं शेंगोळा तोंडात घातला.

चावला. गिळवेना. पुन्हा चावला. गिळला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. पटक्याचा सोगा सुटून रश्शात पडला, त्यानं तो बाजूला केला नाही. थाळी संपली. त्यानं बोटं चाटली.

म्हातारीचे ओठ हलले. कांता वाकली.

“काय हो आत्या? पाणी देऊ?”

म्हातारीनं तिच्याकडं बघितलंही नाही. वाकळीतून हात निघाला. त्या हाताला इतकं बळ कुठून आलं कुणास ठाऊक. तिनं रिकाम्या पाटापुढच्या थाळीला बोट लावलं. ती ढकलायला बघितली. थाळी हलली नाही.

“त्याचंही...” ती म्हणाली. धाप लागली. “त्याचंही... तूच खा.”

कांताला काही उमगलं नाही. ती नवऱ्याकडं बघू लागली.

तुळशीरामनं दुसरी थाळी उचलली. आपल्या थाळीत पालथी केली. आणि खाऊ लागला.

एकही शेंगोळा ठेवला नाही. आईसमोर थाळी उचलून चाटली. मग ती रिकामी थाळी तिला दिसेल अशी धरली.

म्हातारी बघत होती. मग तिचे ओठ सुटले. कांतानं घाईनं गंगा घातली. या वेळी ती ओघळली नाही. घशाखाली गेली.

दुसरा चमचा लागला नाही.

अस्थी गंगेत सोडून तुळशीराम परत आला तो घरी न जाता थेट तकियात गेला. डोकं नुकतंच तासलेलं होतं. पटका नव्हता. आज तो पाया पडायचंही विसरला. तसाच खाली मातीत बसला.

“गेली, बाबा.”

“कळलं. खाल्लेस?”

“खाल्ले.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“कसे लागले?”

तुळशीराम मातीत बोटानं रेघा ओढत राहिला. ओढायचा, पुसायचा.

“चांगले लागले,” शेवटी तो म्हणाला.  “आई मरत होती आणि मला... बाबा, त्या दिवशीही चांगलेच लागले होते. म्हादू बघत होता. मला कळत होतं तो बघतोय. तरी इतके चांगले... तसं पुन्हा कधी काही लागलं नाही. हे मी आईलाही सांगितलं नाही.”

फकीर ऐकत होता. त्यानं मान हलवली नाही, हात उचलला नाही.

वारा आला. चिंचेची पानं दोघांच्या अंगावर पडली.

तुळशीरामनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. पाठ सरळ केली. जुनी सवय.

“गंगेवर गुरुजी म्हणाले, आईच्या नावानं आवडीची एखादी वस्तू सोडा. सगळेच सोडतात. कुणी वांगं, कुणी पेरू. मी म्हटलं, मी माझ्या गुरूला विचारून सोडेन. सांगा बाबा. म्हणाल ते सोडतो. गूळ सोडतो. मीठ सोडतो. एक वेळचं अन्न सोडतो. काय सोडू?”

फकीर काठीला धरून उठला. तकियाच्या पडक्या भिंतीवरून पलीकडं बघत राहिला.

“तुझा वरचा माळ अजून पडीकच आहे ना, तुळशा?”

“आहे. का?”

“ओल चांगली आहे... हुलगे पेर.”