पाण्यात पाहणं

कोंढेवाडीचे सरपंच रावसाहेब पाण्याची टाकी धुवायचं नाव काढत नसत. टाकीवर स्वतःच्या फोटोखाली 'शुद्ध पाणी' मात्र ठळक रंगवून घेतलं होतं. वाडीतली पोरं जुलाबानं आडवी झाली, तशी गोदाक्का नळाचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन ग्रामसभेत उभी राहिली.

सरपंच तडकले. "पाणी चांगलंच आहे! गोदाक्का, निवडणुकीपासून तुम्ही मला पाण्यात पाहताय!"

गोदाक्कानं पेला डोळ्यांसमोर धरून त्यातून सरपंचांकडे बराच वेळ पाहिलं.

"पाहिलं असतं हो," ती म्हणाली, "पण या गढूळ पाण्यात तुम्ही दिसतच नाही."

दुसऱ्याच दिवशी टाकी घासली गेली. सरपंच स्वतः पेला भरून घेऊन आले. "आता?"

गोदाक्कानं तो उजेडात धरला.

"हां, दिसताय. आता खुशाल पाण्यात पाहते."