घंटेचा धाक

एकदा एका नदीकाठी एक मोठा मठ होता आणि त्या नदीच्या घाटाघाटांवर त्याच्या शाखा पसरलेल्या होत्या. प्रत्येक शाखेचे पंच वेगळे, कोठार वेगळे, चाकर वेगळे. मूळ मठाने द्यायचे ते आपले नाव, भगवी पताका आणि एक घंटा. घंटा मात्र सगळीकडे एकाच साच्यात ओतलेली, त्यामुळे नादही एकच. माध्यान्हीला ती वाजली की शाखेची नाव नैवेद्य आणि उतारू घेऊन पैलतीरावरच्या देवळाकडे निघत असे.

मठाधिपती वृद्ध झाले होते. शाखांवर देखरेख ठेवायला त्यांनी आपला एक शिष्य नेमला होता, आणि पुढे गादी त्यालाच मिळणार हे सर्वांनी धरूनच ठेवले होते. शिष्य हुशार, शिस्तीचा भोक्ता. त्याने नियम घातला की घंटा वाजली म्हणजे नाव सुटलीच पाहिजे, सबब चालणार नाही. एका घाटावर दाट धुके पाहून नावाड्याने नाव थांबवली, तर याने पंचांवर दडपण आणून त्याला कामावरून काढायला लावले. ती बातमी सगळ्या घाटांवर पोहोचली आणि त्यानंतर एकही नाव थांबली नाही. शिष्याला याचा केवढा अभिमान! उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या नेहमी रांगेतच दिसतात, त्याला कोण काय करणार.

मग एके दिवशी दूरच्या एका शाखेत, पाणी गढूळ होऊन चढत असताना, रखमाजी भोई नावाच्या नावाड्याने घंटेसरशी नाव सोडली. ऐन धारेत ती कलंडली. बाकीचे उतारू कसेबसे काठाला लागले. एका कासाराची बायको तेवढी लागली नाही.

नगराच्या न्यायाधीशांनी मूळ मठाला निरोप धाडला, “हा नावाडी तुमचा की नाही, ते मठाधिपतींनी सांगावे. नाही म्हणाल तर तो आणि त्याची शाखा काय ते भोगतील. होय म्हणाल तर शाखांचा कारभार ज्याच्या हाती आहे, त्याने माझ्यासमोर उभे राहावे.”

शिष्याला अन्न गोड लागेना. पताका फडफडली तरी कुणी आपल्याला न्यायला आले असे वाटून तो दचके. गादी जाणार, अब्रू जाणार, कदाचित बेड्याही पडणार. शेवटी तो गुरूंपुढे येऊन बसला.

“गुरुदेव, आपला यात काय संबंध? नेमला शाखेनं, वेतन शाखेचं. गेल्या साली त्याच शाखेच्या आचाऱ्यानं बाजारात भांडण काढून एकाचं डोकं फोडलं, तेव्हा आपणच म्हणालात, तो आपला माणूस नव्हे.”

“म्हणालो होतो,” गुरू म्हणाले. “आजही तेच म्हणेन.”

शिष्याला हायसे वाटले. पण गुरू पुढे म्हणाले, “त्या नावाड्याला बोलाव. शाखेच्या प्रमुखाला आणि त्या कासारालाही.”

सगळे आले. कासाराच्या खांद्यावर अजून बांगड्यांची माळ होती. धंद्याला निघालेला माणूस घरी परतलाच नव्हता जणू.

“मला कुणाला फासावर नाही चढवायचं, महाराज,” तो म्हणाला. “पण नाव शाखेची म्हणतात, पताका मठाची म्हणतात. मी रडायचं कुणाच्या दारात, तेवढं सांगा.”

गुरूंनी मान खाली घातली. मग त्यांनी रखमाजीला विचारले, “पाणी चढलेलं दिसत होतं?”

“दिसत होतं जी.”

“मग नाव का सोडलीस?”

“घंटा झाली होती जी.”

गुरू शाखेच्या प्रमुखाकडे वळले. “तुम्ही सोड म्हणालात?”

“नाही महाराज.”

“थांब म्हणालात?”

“नाही,” प्रमुख हळूच म्हणाला. “आमचीही छाती झाली नाही.”

गुरू उठले, काठी टेकत मठाच्या घंटेपाशी गेले आणि त्यांनी जोराने टोल दिला. माध्यान्ह व्हायला अवकाश होता. म्हातारपणी यांना वेळेचं भान राहिलं नाही की काय, असे शिष्याच्या मनात आले. पण तेवढ्यात रखमाजी ताडकन उठून घाटाच्या दिशेने चालू लागला होता. चार पावलांवर त्याला आपण कुठे आहोत ते उमगले आणि तो थबकला. मग त्याने मागे वळून पाहिले. ज्याने नेमले, ज्याचे अन्न खाल्ले, तो प्रमुख त्याच्या शेजारीच होता. रखमाजीची नजर त्याच्यावरून गेली आणि शिष्याच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. एकदा पाहणीच्या वेळी शिष्याने याला ओझरते पाहिले होते. रखमाजीने मात्र तो चेहरा जपून ठेवला होता.

इतके दिवस शिष्य जी भीती वागवत होता, तीच समोरच्या डोळ्यांत त्याला दिसली, आणि ती त्याच्या स्वतःच्या भीतीहून कितीतरी जुनी होती.

गुरू शांतपणे म्हणाले, “आचारी भांडला तो स्वतःच्या रागानं. आपण त्याला कधी भांड म्हणालो नव्हतो, आवरणंही आपल्या हाती नव्हतं. केवळ आपलं नाव लावतो म्हणून कुणी आपला होत नाही. पण हा? याला जेवू शाखा घालते, हे खरं. पण नाव कधी सोडायची हे ना यानं ठरवलं ना शाखेनं, ते आपण ठरवलं. पाण्याकडे बघायचा हक्क आपण याच्याकडून काढून घेतला. ज्याच्या धाकानं हात चालतो, हात त्याचाच असतो, बाळ.”

शिष्य उठून कासारापुढे गेला.

“तुम्ही दार विचारलंत. हेच ते दार. नियम माझा होता.”

कासार त्याच्याकडे पाहत राहिला. क्षमा करतो असे काही तो म्हणाला नाही.

न्यायाधीशांचे नगर पलीकडच्या तीरावर होते. शिष्य, कासार आणि प्रमुख मठाच्या घाटावरच्या नावेत बसले; वल्हे रखमाजीच्या हाती होते. नदी अजून फुगलेलीच होती. इतक्यात माध्यान्हीची खरी घंटा झाली. रखमाजीचा हात दोराकडे गेला आणि त्याने घाबरून शिष्याकडे पाहिले.

पलीकडे काय वाढून ठेवले आहे ते शिष्याला ठाऊक होते.

“माझ्याकडे नको बघूस, रखमाजी,” तो म्हणाला. “पाण्याकडे बघ.”

रखमाजीने पाण्याकडे पाहिले आणि दोर खुंट्यालाच घट्ट आवळला. धार उतरेपर्यंत नाव थांबली.