चार श्वास

“चंद्रावती गडाचं दार उघडते ना मास्तर... तेव्हा तिला कळत असतं का, की आपण दगा देतो आहोत?”

कवडूमास्तरांनी मान वर केली नाही. नाटकाची वही मांडीवर घेऊन ते तिची उसवलेली पाठ दाभणाने शिवत होते.

“कोनती चंद्रावती?”

“आपल्या नाटकातली. दुसरी कोणती असणार?”

“हं.”

त्यांनी दोरा दातांनी तोडला.

ऋजुता लांजेवारला वाटलं होतं, मास्तर आज तिच्यावर ओरडतील. निदान बोलणं तरी टाकतील. सकाळपासून तीच वाट पाहत ती समाजमंदिराच्या ओट्यावर बसली होती. आणि मास्तरांनी तिला काय सांगितलं? तर दाभणात दोरा ओवून दे, माझी नजर चालत नाही.

तसं पाहिलं तर इथे आल्यापासून तिला वाटलेलं एकही खरं झालं नव्हतं. तीन वर्षं लंडनला नाटक शिकून ती परतली, ती पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गुरू शोधायला. रात्र रात्र चालणारी नाटकं, धानाच्या मोकळ्या शेतात बसलेली पाच-पाच हजार माणसं! दोनशे नाटकं तोंडपाठ असलेला एक माणूस वडसा भागात आहे, एवढं कानावर आलं आणि तिने बॅग भरली. तिच्या डोळ्यांपुढे होता एक धिप्पाड, घनगंभीर आवाजाचा नट.

भेटला तो कानाला मफलर गुंडाळलेला, सदा खोकणारा म्हातारा. रंगमंचाच्या पुढच्या कडेला खणलेल्या कमरेएवढ्या खड्ड्यात तो टॉर्च घेऊन बसायचा आणि नटांना एकेक वाक्य हळूच पुरवायचा. राजाचं तोच बोलायचा, राजाला मारणाऱ्याचंही तोच. चाळीस वर्षांत प्रेक्षकांनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

“मला अभिनय शिकायचाय,” ती पहिल्या दिवशी म्हणाली होती.

“मंग बस खड्ड्यात,” मास्तर म्हणाले होते.

दोन महिने ती त्यांच्या शेजारी बसली. काल रात्री आंबेटोल्याच्या प्रयोगाला मास्तरांचा खोकला थांबेना, म्हणून ती पहिल्यांदा एकटी खड्ड्यात उतरली. मास्तर मागे, लोकांत जाऊन बसले.

आणि काल रात्रीच ते घडलं.

“दाराले कड्या किती?” मास्तरांनी एकदम विचारलं.

“कुठल्या दाराला?”

“गडाच्या.”

“तीन.”

“तिसरी कडी काढायच्या आधी बेबी काय करते?”

ऋजुताने आठवून पाहिलं. चंद्रावतीचं काम बेबीताई शेंडे करायच्या. बावन्न वर्षांच्या. गुडघ्यांना पट्टे बांधून, पंचवीस वर्षांच्या चंद्रावतीसारख्या तरातरा चालायच्या.

“हात पदराला पुसतात.”

“वहीत लिहिलं आहे तसं?”

“नाही.”

“मी इचारलं तिले. म्हने, मास्तर, तिसऱ्या कडीले हाताले घाम येते.”

ऋजुता सरसावून बसली. “म्हणजे चंद्रावतीला कळत असतं!”

“मी घामाचं सांगतलं. बाकीचं तू म्हटलं.”

...

आतून बेबीताईंचा आवाज आला. “अवो लंडनवाली! जेवली का नाही? का तुमच्याकडे दुपारी जेवत नाहीत?”

“जेवले, ताई.”

“खोटं नको बोलू. तुझी थाळी इथं झाकून आहे.”

ऋजुताने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. दोन महिने ती बेबीताईंच्या वाकळेत झोपत होती. थंडी पडली तशी बेबीताईंनी आपली वाकळ तिच्या बाजूला जास्त सरकवली होती, आणि सकाळी विचारलं तर म्हणाल्या होत्या, “झोपेत तूच ओढतेस, दांडगोबा.”

“मास्तर, काल तिसऱ्या अंकात...”

मास्तर दुसऱ्या टाक्याची जागा शोधू लागले.

काल तिसऱ्या अंकात चंद्रावती दार उघडून परत येते. एका ताटात जेवून वाढलेली तिची मैत्रीण, राणी, काहीच ठाऊक नसल्याने तिच्या मांडीवर डोकं ठेवते. म्हणते, तू आहेस म्हणून मला झोप येते. त्यावर चंद्रावतीचं मोठं भाषण आहे. त्याचा पहिला शब्द खड्ड्यातून यायचा होता.

तो आला नाही.

बेबीताईंना वाचता येत होतं जेमतेम. मोसमात पाच-सहा नाटकं, हे तर यंदाचं नवं. सव्वीस वर्षं त्या खड्ड्यातून कानावर येणाऱ्या शब्दावर उभ्या होत्या. शब्द आला नाही तेव्हा त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं. मग तोंडात जे आलं ते बोलल्या, आणि आलं ते गेल्या वर्षीच्या नाटकातलं.

“अवो, इन्स्पेक्टर साहेब येतील ना आता!”

मांडीवर राणी, मागे गडाचा पडदा, आणि इन्स्पेक्टर!

पाच हजार माणसं हसली. शिट्ट्या पडल्या. मेलेल्या पहारेकऱ्याचं काम करणारा नटसुद्धा पडल्या पडल्या हलू लागला. मग कुठे ऋजुताने शब्द दिला.

“आमच्याकडे शिकवतात,” ऋजुता आता भराभर बोलू लागली, “की नटाने शब्दाच्या कुबड्या टाकल्या पाहिजेत. रंगमंचावरचं मौनसुद्धा बोलतं, मास्तर. मला वाटलं, ताईंना क्षणभर एकटं सोडलं तर त्या आतून काहीतरी काढतील. खरं काहीतरी. मी ते माझ्यासाठी नाही केलं. नाटकाच्या भल्यासाठी...”

ती थांबली.

मास्तरांनी वही तिच्यापुढे सरकवली.

“हे कोन्या पानावर आहे?”

“काय?”

“आत्ता बोललीस ते.”

तिला वही उघडायची गरज नव्हती. पान एकशे बारा. चंद्रावती पहिली कडी काढते आणि म्हणते, मी हे माझ्यासाठी नाही करत, राज्याच्या भल्यासाठी...

चौकात उद्याच्या प्रवासासाठी पडद्यांच्या गुंडाळ्या बांधत होते.

“किती थांबलीस?” मास्तरांनी विचारलं. आवाज खड्ड्यातलाच होता, खाली आणि जवळचा.

“एखादा श्वास.”

...

“दोन असतील.”

...

मास्तर तिच्याकडे पाहत होते. त्या नजरेत राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

“चार,” ती म्हणाली. “मी मोजले होते.”

मास्तरांनी मान हलवली. त्यांनीही मागे बसून मोजले होते.

“सकाळी धनराजभाऊ आले होते माझ्याकडे,” ती म्हणाली. धनराजभाऊ कंपनीचे मालक. “म्हणाले, बेबी आता थकली. पुढच्या गावापासून चंद्रावती तू कर. पोस्टरवर तुझं नाव टाकतो, मोठ्या अक्षरात. उद्या ट्रक सुटायच्या आत सांग.”

“मंग?”

“मला हवंय ते काम, मास्तर. पहिल्या दिवसापासून हवंय. सगळी वाक्यं पाठ आहेत मला. त्यांच्याहून चांगलं करीन मी.”

“करशील,” मास्तर म्हणाले. “बेबीपेक्षा चांगलं करशील.”

याची तिला अपेक्षा नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मला काढून टाका कंपनीतून.”

“कायले?”

“मी दगा दिला.”

“कोनाले?”

“बेबीताईंना.”

“मंग मले काऊन सांगून राहिलीस?”

...

मास्तरांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. आत खडीसाखरेचे चार-पाच खडे होते.

“हे काय?”

“बेबीनं धाडली सकाळी. म्हने, खड्ड्यात धूळ लय. पोरीचा घसा धरला असन, आवाज फुटला नसन तिचा. मले म्हने, तुम्ही रागावू नका तिच्यावर. मीच बयताड, इन्स्पेक्टर बोलावला गडावर.”

मास्तरांना हसू आलं, हसण्यातून खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबेना. ऋजुताने त्यांची पाठ चोळली. पुडी दुसऱ्या हातात तशीच होती.

“खा,” खोकला थांबल्यावर ते म्हणाले.

“नाही खाववत.”

“मंग ठेव.”

“मास्तर... पुढच्या गावी खड्ड्यात कोण बसणार?”

“तू.”

“अजूनही? माझ्यावर विश्वास आहे तुमचा?”

“मले खोकला आहे,” मास्तर म्हणाले आणि शिवलेली वही तिच्या मांडीवर ठेवून चहा कुठे मिळतो ते पाहायला गेले.

सकाळी धुकं होतं. ट्रकमध्ये पेट्या चढत होत्या. धनराजभाऊ एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन दात घासत हिंडत होते.

“काय मॅडम? लावू का प्रेसवाल्याले फोन?”

“लावा,” ऋजुता म्हणाली. “नाव बेबीताईंचंच राहू द्या.”

धनराजभाऊंनी तोंडातला फेस थुंकला. “येड लागलं का वं तुले? लोकं हसले परवा तिच्यावर!”

“माझ्यामुळे हसले. मी शब्द दिला नाही. मुद्दाम.”

“मुद्दाम?” ते तिच्याकडे पाहतच राहिले. “मंग तुले ठेवू का काढू, सांग!”

“ते बेबीताईंना विचारा. पण आधी मी त्यांना सांगून येते.”

बायकांची खोली ओट्याच्या टोकाला होती. दार नुसतं लोटलेलं. आत बेबीताई वाकळ घडी करताना कुणाला तरी सांगत होत्या, “ही लंडनवाली उठून कुठं गेली पाहा, थाळी कालची तशीच.”

मास्तर दारापासून दोन पावलांवर, आपल्या पेटीवर बसून चहा फुंकत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते बशीत पाहत होते.

तिने दारावर हात ठेवला. तळवा ओला होता. तिने तो ओढणीला पुसला आणि पुन्हा दारावर ठेवला.

एक श्वास गेला. दुसरा गेला.

“हळू बोलजो,” मास्तर मागून म्हणाले. “पन उशीर नको करू.”