पुरलेल्या बरण्या

राजांची नावं लिहून ठेवायची रीत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारा कुंभार राहायचा. त्याच्या बरण्या भारी आचेवर भाजलेल्या, दगडासारख्या टणक. त्यांतलं लोणचं वर्षानुवर्षं टिकायचं, आणि कुंभाराचा ताठाही तेवढाच टिकायचा!

पुढे जुनी मातीची खाण संपली. त्याने तळ्याकाठची माती आणली. चाकावर ती लोण्यासारखी वळायची. पण भट्टी उघडली, तर बरण्यांच्या अंगावर टरारून फोड आलेले! आता लोक काय म्हणतील? कोणी बघायच्या आत त्याने सगळ्या बरण्या परसात खड्डा करून पुरून टाकल्या.

पुढच्या खेपेला त्याने लाकूड बदललं. फोड आलेच. मग वरचा लेप बदलला. तरी फोड. पुन्हा खड्डा, पुन्हा चिडचिड. शेवटी त्याने सगळं खापर बायकोवर फोडलं.

"तुला मातीच मळता येत नाही!"

"आजवर हेच हात मळत होते ना?" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. तरी ती पुन्हा मळायला बसली.

कुंभार काही दुष्ट नव्हता हो. घाबरला होता बिचारा. फोड आता त्याला स्वप्नातही दिसायचे. एके सकाळी भट्टीतून पुन्हा तशीच बरणी निघाली, तेव्हा तो मटकन खालीच बसला.

"संपलं माझं. ही भट्टी कायमची विझवतो."

बायकोने त्याच्या हातातली बरणी घेतली आणि दगडावर आपटली.

"अगं, काय करतेस! कोणी पाहिलं म्हणजे?"

"पाहू दे. निदान तुम्ही तरी एकदा पाहा."

त्याने तुकडा उचलला. बाहेरून छान तपकिरी, आतून मात्र काळाकुट्ट आणि भोकाभोकांचा. म्हाताऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला, तेव्हा कुठे त्याला उमगलं. तळ्याच्या मातीत कुजका पाला होता. त्याचा धूर बाहेर पडायच्या आतच त्याने घाईने आच चढवली होती. वरचं अंग मिटलं आणि धूर आत कोंडला. जुन्या मातीला ती घाई सोसायची, हिला सोसत नव्हती.

"तुझ्या मळण्यात खोट नव्हती गं," तो म्हणाला. "मीच कधी आत पाहिलं नाही."

"आधी दोन घास खाऊन घ्या. मग भट्टी लावू."

या वेळी भट्टी लाल झाल्यावर त्याने आच तिथेच धरून ठेवली, हवा खेळू दिली, धूर जाऊ दिला आणि मगच लाकूड वाढवलं. बरण्या निघाल्या त्या अगदी गुळगुळीत. कुंभार हसला आणि लगेच रडलाही. पहिलीच बरणी फोडून पाहिली असती, तर एवढे कष्ट वाचले असते आणि बायकोचे अश्रूही.

म्हणून लहानथोरांनो, आपली चूक लाजेने पुरून टाकू नये, ती फोडून आत पाहावं.