बायांना खूश ठेवायचा मुकादम

एका गावात एक भोळा मुकादम होता. मुकादम तो नंतर झाला, भोळा जन्मापासून होता. नाव सर्जेराव.

त्या गावात तात्यांचा मिरची कांडायचा कारखाना होता. अकरा बाया कामाला. कुणी मिरचीचे देठ खुडायच्या, कुणी कांडायच्या, कुणी तिखट चाळायच्या. दिवसाला पाच पोती तिखट निघायचं. तात्या मालक म्हणून फार चांगले. बोलताना बायांचे हात थांबतात, म्हणून त्यांनी बोलायलाच बंदी घातली. पाणी प्यायला बाया सारख्या उठतात, म्हणून माठ उचलून पार फाटकापाशी नेऊन ठेवला. पंखाही होता की. तो तात्यांच्या खोलीत, तात्यांच्या डोक्यावर होता. एवढं सगळं करूनही बायांची तोंडं उतरलेली का, हे काही तात्यांना समजेना.

मग तालुक्याला मालक लोकांचं शिबिर झालं. तात्या जेवणापर्यंत थांबले. तेवढ्यात एक गोष्ट त्यांच्या कानावर पडली. कामाच्या माणसाचं मन खूश असलं तर काम दुप्पट होतं, आणि मन खूश ठेवणं हे वरच्या माणसाचं काम. तात्यांना ते पटलं. फक्त अकरा बायांना खूश ठेवायला त्यांना वेळ कुठला? मग ते काम करायला त्यांनी एक माणूस ठेवायचं ठरवलं. माणूस सांगितलेलं ऐकणारा पाहिजे होता. ऐकण्याच्या बाबतीत सर्जेरावासारखा साऱ्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

"हे बघ सर्जेराव," तात्या म्हणाले, "पेठेतल्या शेठना शुक्रवारी तीस पोती द्यायचीत. पंधरा तयार आहेत, पंधरा राहिलीत. ती गेली नाहीत तर शेठ दुसरा कारखाना धरतील. मग आपल्याला टाळं. बायांचं काम गेलं, तुझी मुकादमी गेली."

सर्जेराव ताठ उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी मुकादम म्हटलं होतं.

"मग मी काय करू?"

"काही नाही. बायांशी दोन गोड शब्द बोलत जा."

"कळलं," सर्जेराव म्हणाला.

सोमवारी सकाळीच तो हौसाबाईपुढं जाऊन उभा राहिला. हौसाबाई बायांत सगळ्यांत थोरली आणि तिखटापेक्षा तिखट. सर्जेरावानं खाकरून घसा साफ केला आणि म्हणाला, "जिलबी. बासुंदी."

मग तो पुढच्या बाईकडं गेला. "जिलबी. बासुंदी." शेवंता रजेवर होती. बाकीच्या दहाही जणींना सांगून झालं, तेव्हा कुठं तो बसला.

बायांना वाटलं, तात्यांना बुद्धी झाली. पारूबाईनं तर भाकरी सोडलीच नाही, म्हणाली, उगीच पोट कशाला भरायचं. दुपार झाली, संध्याकाळ झाली. जिलबी नाही, बासुंदी नाही. पारूबाई उपाशीच घरी गेली. त्या दिवशी चार पोती निघाली.

तात्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, नुसत्या बोलण्यानं का कुणी खूश होतं? शाबासकी द्यावी माणसाला. टाळ्या वाजवायच्या आणि म्हणायचं, वा! असंच चालू द्या!"

"कळलं."

मंगळवारी तो शाबासकी द्यायला टपूनच बसला. पारूबाई मिरचीची पाटी डोक्यावर घेऊन आली. उंबऱ्याला पाय अडखळला. पाटी एकीकडं, पारूबाई एकीकडं, मिरच्या दहा दिशांना. सर्जेराव उठला आणि त्यानं जोरात टाळ्या वाजवल्या.

"वा! पारूबाई, असंच चालू द्या!"

"मेल्या, कंबर मोडली माझी!"

"वा! वा!"

त्या दिवशी तीन पोती निघाली.

"अरे शहाण्या," तात्या म्हणाले, "अशा वेळी धीर द्यावा. तोंड पाडायचं आणि हळूच म्हणायचं, झालं ते झालं. देव करो आणि असा दिवस तुमच्या घरात पुन्हा न येवो."

"हे बरं सांगितलंत," सर्जेराव म्हणाला. रात्रभर त्यानं ते पाठ केलं.

बुधवारी अक्काताई पेढे घेऊन आली. थोरल्या लेकीचं लग्न ठरलं होतं. मागं अजून दोघी लेकी होत्या. तिनं पहिला पेढा मुकादमालाच दिला. सर्जेरावानं तोंड पाडलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं, मिरचीच्या कारखान्यात ते काही अवघड नाही.

"अक्काताई, झालं ते झालं. देव करो आणि असा दिवस तुमच्या घरात पुन्हा न येवो."

अक्काताईनं त्याच्या हातातला पेढा परत घेतला. डब्यात ठेवला. डब्याचं झाकण लावलं. त्या दिवशी दोनच पोती निघाली.

तात्या आता नखं खायला लागले. "अरे, लग्न म्हणजे आनंदाची गोष्ट! हसऱ्या तोंडानं म्हणायचं, बरं झालं बाई! एकाचं उरकलं, आता घरातल्या बाकीच्यांचंही लवकर उरकू द्या!"

"आता मात्र पक्कं कळलं," सर्जेराव म्हणाला. तात्यांनाही तसंच वाटलं. वरच्या माणसानं सांगितलं की खालच्याला कळतं, असं शिबिरात म्हणालेच होते.

गुरुवारी शेवंता कामावर आली. सासऱ्यांचं तेरावं करून ती आज पहिल्यांदाच येत होती. घरी सासू, नवरा आणि तीन पोरं. बाया तिच्याभोवती गोळा झाल्या. सर्जेराव वाट काढत पुढं गेला. तोंड असं हसरं की सगळे दात दिसत होते.

"बरं झालं बाई! एकाचं उरकलं, आता घरातल्या बाकीच्यांचंही लवकर उरकू द्या!"

शेवंतानं हातातली चाळणी खाली ठेवली. मग अकराही जणी उठल्या, पदर झटकले आणि समोरच्या चिंचेखाली जाऊन बसल्या. त्या दिवशी एकही पोतं निघालं नाही.

शुक्रवार उजाडला. चोवीस पोती तयार, सहा बाकी. बाया चिंचेखाली. तीन वाजता शेठचा टेम्पो यायचा होता. तात्या रडकुंडीला आले.

"सर्जेराव, तू आता स्वतःचं काही बोलू नको. जा, बायांना काय पाहिजे ते विचार. त्या म्हणतील तसं कर. आणि टेम्पो आला की ह्या ओसरीवरचं एकही पोतं मागं राहता कामा नये. कळलं?"

"कळलं."

तो चिंचेखाली गेला. "बायांनो, तुम्हाला काय पाहिजे?"

"काय पाहिजे?" हौसाबाई कडाडली. "त्या तुझ्या तात्याचं तोंड दिसता कामा न्हाई आम्हाला आज! मग बघ काम!"

"एवढंच ना?"

सर्जेराव परत ओसरीवर आला. मिरचीचं एक मोठं रिकामं पोतं घेतलं आणि तात्यांच्या मागं जाऊन ते त्यांच्या डोक्यावरून खाली ओढलं. तात्या धडपडले आणि आत मुटकुळं होऊन बसले. मग सर्जेरावानं पायांखाली पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं. नाकापाशी दोन भोकं पाडली. सर्जेराव भोळा होता, दुष्ट नव्हता. आतून तात्या काहीतरी सांगत होते, पण दर अक्षरामागं एक शिंक येत होती.

"तात्याचं तोंड आता दिसायचं न्हाई," सर्जेरावानं बायांना सांगितलं.

हौसाबाईनं ओसरीवर डोकावून बघितलं. पोतं म्हणालं, "सर्ज्या... आक्छी!" हौसाबाई खालीच बसली. हसून हसून तिच्या पोटात कळ आली. मग सगळ्या आल्या, सगळ्यांनी बघितलं. शेवंतासुद्धा हसली. त्या दिवशी बाया कामाला बसल्या त्या बोलत, चिडवत, एकमेकींना टाळ्या देत. पाच पोती निघायला जिथं दिवस मोडायचा, तिथं सहा पोती अडीच वाजताच तयार!

तीनला टेम्पो आला. बाया मागच्या दारी हातपाय धूत होत्या. हमाल पोती उचलायला लागले. ओसरीवरचं शेवटचं पोतं उचलताना एकजण म्हणाला, "हे लईच जड हाय. काय हाय ह्यात?"

"मालक आहेत," सर्जेराव म्हणाला.

"थट्टा पुरे, मुकादम. न्यायचं का ठेवायचं?"

"एकही ठेवायचं नाही. मालकांचाच हुकूम आहे."

टेम्पो गेला. सर्जेरावानं मोकळा श्वास घेतला. बाया खूश, माल वेळेवर. संध्याकाळी तात्यांच्या खोलीतला फोन वाजला. पेठेतले शेठ होते.

"अहो, मी तीस पोती मागवली होती. ही एकतीस आलीत. आणि एक पोतं सारखं शिंकतंय!"

"शिंकणारच, शेठ," सर्जेराव अभिमानानं म्हणाला. "माल आजचाच आहे. ताजा!"