भिवराचा भाऊ

हिरडझरीच्या तलावाला वळसा घालणारी वाट अगदी सोपी आहे. चढ नाही, उतार नाही. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, रमतगमत निघावे, म्हाताऱ्यांनाही दम लागत नाही. पाळीच्या एका टोकाला थोरली गढी, दुसऱ्या टोकाला धाकटी. थोरलीचे बुरूज अजून ताठ उभे आहेत, धाकटीचा नुसता दरवाजा उरला आहे. या वाटेवर कोणी "कोन जी?" असे विचारले, तर आपले नाव सांगू नये आणि हुद्दा तर मुळीच सांगू नये. त्यामागची हकिकत अशी सांगतात.

थोरल्या गढीवर आडकोजी पाटील होता. तलाव त्याच्या आजाने बांधलेला, म्हणून तुडुमही त्याच्याच ताब्यात. तुडुम म्हणजे तलावाचे पाणी शेतात सोडायची मोरी. पाटलाची एकुलती बहीण भिवरा समोरच्या धाकट्या गढीत दिलेली. लेकीच्या सोयरिकीची बोलणी चालली, की पाटील मिशीला पीळ देऊन सांगे, "आमची बहीण मेण्याशिवाय उंबरा ओलांडत नाही."

त्या वर्षी पाऊस ऐन हस्तात दडी मारून बसला. धान निसवले होते, लोंब्या नुकत्याच बाहेर पडल्या होत्या, आणि धाकट्या गढीची बैलजोडी कधीच विकली गेली होती. मेणा कुठला आणि भोई कुठले! दोन दिवसांत पाणी मिळाले नसते तर घरात दाणा आला नसता. भिवराने पाळीची लांबची वाट सोडली आणि अर्ध्या आटलेल्या तलावातून, गाळ तुडवत थेट माहेर गाठले. गुडघ्यापर्यंत चिखल, लुगड्याला ठिगळ, अशी ती अंगणात येऊन उभी राहिली.

नेमकी तिथेच माशी शिंकली. ओसरीवर आडकोजीचे होणारे व्याही पान खात बसले होते. भिवरा पायरीशीच थबकली. खाली बघून म्हणाली, "पाटील, तुडुम उघडा जी. धान वाळून रायला."

व्याह्यांनी विचारले, "कोण या बाई?"

आडकोजीच्या मेण्याच्या गोष्टी नुकत्याच सांगून झाल्या होत्या. तो म्हणाला, "असन कोनी. पानी मांगाले आली असन."

पाटलाला जनाची लाज भरपूर होती, मनाची तेवढी अजून घरी यायची होती. भिवराने मान वर केली, भावाकडे एकदा पाहिले आणि 'येतो' न म्हणता निघून गेली. आमच्याकडे बायाही 'येतो'च म्हणतात, आणि ते न म्हणता माहेरचे अंगण कोणी सोडत नाही.

पाहुण्यांची पाठ वळताच आडकोजीने धावत जाऊन स्वतःच्या हाताने तुडुम उघडले. बहिणीचे धान वाचले. त्याला वाटले, फिटले सारे. भाऊबीजेला पैठणी घेऊन तो धाकट्या गढीच्या दारात गेला.

आतून भिवराने विचारले, "कोन जी?"

"मी, आडकोजी पाटील."

"मालक घरी नाहीत, पाटील."

तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "भिवरे, भाऊ आहे मी तुझा," तो म्हणाला.

"मले कायले सांगता? जेथं नाही म्हनलं, तेथं सांगा."

दार उघडले नाही. परत येताना पाळीवर माणसे रामराम करत होती आणि पाटलाला एकाचाही घेववेना. व्याह्यांना खरे सांगावे तर लेकीचे लग्न मोडणार, न सांगावे तर बहीण गेली. म्हणे, त्या दिवसांत तो आरशात बघायचाही थांबला.

पुढे लग्नाची तिथी धरायला व्याही निघाले. पाहुण्यांना सामोरे जायचे म्हणून आडकोजी गावकऱ्यांसह पाळीवर उभा राहिला. मेण्याचा पडदा बंद होता. आतून व्याह्यांनी विचारले, "सामोरं कोण आलंय?"

"भिवराचा भाऊ," आडकोजी म्हणाला. "त्या दिवशी चिखलाच्या पायांनी आली, ते माही सख्खी बहीण. मी ओळख देली नाही. आता सोयरीक ठेवा का मोडा."

पडदा सरकला. "आम्ही तेव्हाच ओळखलं होतं, पाटील," व्याही म्हणाले. "नाकडोळे तुमचेच. म्हणून तर विचारलं होतं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे आडकोजीला झाले. सोयरीक मोडली नाही. पण त्याचा त्याला आनंदही झाला नाही. तो तसाच अनवाणी धाकट्या गढीवर गेला.

"कोन जी?"

"भिवराचा भाऊ. सांगून आलो, बाई."

या वेळी कडी निघाली. भिवराने निरांजन आणले, पाट मांडला. ओवाळता ओवाळता ती म्हणाली, "पाव्हण्यांपुढं तुही शान राहावी म्हनून मीच दादा म्हनलं नाही. वाटलं, तू तरी बहीण म्हनशीन."

आडकोजीला मान वर करता आली नाही. टिळा खाली झुकलेल्या कपाळालाच लावावा लागला, असे सांगतात.

आजही या पाळीवर "कोन जी?" विचारले, की पुरुष आपल्या बहिणीचे नाव सांगतो; अमकीचा भाऊ, तमकीचा भाऊ. ज्याला बहीण नाही, तो भिवराचे सांगतो. थोरल्या गढीच्या वंशातल्या पुरुषांना मात्र सख्ख्या बहिणी असल्या तरी भिवराचेच नाव घ्यावे लागते, आणि ते घेताना त्यांच्यातला एकही जण समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही.